खुन्याच्या मनगटावर राखी: वैऱ्यावरच्या प्रीतीचं एक प्रकरण

२५ फेब्रुवारी १९९५ च्या सकाळी मध्य प्रदेशातल्या उदयनगरहून इंदूरला निघालेल्या बसमध्ये सिस्टर राणी मारिया यांचा खून झाला. त्या ४१ वर्षांच्या होत्या. बसमध्ये इतर प्रवासी होते. समुंदर सिंग नावाच्या माणसाने सगळ्यांसमोर त्यांना भोसकलं, बाहेर ओढलं आणि पुन्हा वार केले. अंगावर लहानमोठ्या ५४ जखमा होत्या.

ख्रिस्ती लोकांत ही घटना आज सांगितली जाते ती मुख्यतः त्यानंतर जे घडलं त्यासाठी. राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, त्या माणसाला तुरुंगात जाऊन भेटली आणि तिने त्याला राखी बांधली. आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. घरच्यांनी आणि चर्चने त्याच्या सुटकेला पाठिंबा दिला. सुटल्यावर तो केरळमधल्या त्यांच्या घरी गेला.

या गोष्टीवर प्रवचनं खूप होतात. ऐकणारे भारावतात, डोळे पुसतात आणि घरी जाताना मनात म्हणतात, ‘हे संतांचं काम, आपल्याला कसं जमणार?’ मला वाटतं, तिथेच गोष्ट हातची जाते. म्हणून मी ती इथे प्रकरण म्हणून मांडतो आहे. कोण कुठे उभं होतं, कुणी काय केलं, मध्ये किती काळ गेला, कुणी काय केलं नाही, हे नीट पाहिलं तर ‘वैऱ्यांवर प्रीती करा’ ही आज्ञा माणसं प्रत्यक्षात कशी पाळतात ते दिसतं. आणि असंही दिसतं, की ती एकट्यादुकट्याने पाळायची म्हणून दिलेलीच नसावी.

वैर आलं कुठून

राणी मारिया वट्टालिल यांचा जन्म २९ जानेवारी १९५४ चा, केरळमधल्या पुल्लुवळी गावचा. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात त्या धर्मभगिनी झाल्या. उत्तर प्रदेशात बिजनौरला आणि मग मध्य प्रदेशात सतना भागात काम करून १९९२ मध्ये त्या देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या.

आजूबाजूला आदिवासींची वस्ती आणि त्यांच्या मानेवर सावकारी. सावकारी कशी चालते हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. बियाण्याला पैसे घेतले, आजारपणाला घेतले, लग्नाला घेतले. व्याज मुद्दलाच्या पुढे गेलं. मग फेड म्हणून राबायचं आणि तरी कर्ज तसंच. राणी मारियांनी यावर जे केलं त्यात दिसायला क्रांतिकारक असं काहीच नव्हतं. बँकेचं कर्ज कसं मिळतं ते लोकांना सांगितलं, सरकारी योजना त्यांच्यापर्यंत पोचवल्या, एकत्र यायला आणि बचत करायला शिकवलं. पण ज्याला बँक दार उघडते तो सावकाराच्या दारात जात नाही. गावातल्या वजनदार लोकांचं उत्पन्न आणि दरारा दोन्ही कमी होऊ लागलं. त्यांतल्याच काहींनी समुंदर सिंगला भरीस घातलं.

या प्रकरणातली ही बाजू बहुतेक वेळा घाईत उरकली जाते, म्हणून इथे जरा थांबतो. वैऱ्यांवर प्रीती करा असं येशू सांगतो तेव्हा तुम्हाला वैरी असणार हे तो गृहीत धरतो. वैर नको म्हणून अन्यायापुढे मान खाली घालणं, सगळ्यांशी गोड राहणं, हा त्या आज्ञेचा अर्थ असता तर राणी मारियांना उदयनगरला जाऊन हे काम करताच आलं नसतं. त्यांनी सावकारांना शिव्या दिल्या नाहीत, कुणावर हात उगारला नाही, पण त्यांची पकड सुटेल असं काम मात्र रोज केलं. मला तर वाटतं, यात त्या सावकारांचंही हित होतं. दुसऱ्याच्या लाचारीवर जगणाऱ्या माणसाची ती सोय काढून घेणं ही त्याच्यावरची प्रीतीच आहे, त्याला ती त्या वेळी तशी वाटली नाही तरी. बहिणीने आणि आईने पुढे जे केलं त्याची सुरुवात मी इथून धरतो.

समुंदर सिंगचं काय झालं

त्याला जन्मठेप झाली आणि तो इंदूरच्या तुरुंगात गेला. ज्यांच्या सांगण्यावरून सुरा चालवला त्यांनी त्याला वाऱ्यावर सोडलं. बायको सोडून गेली. पुढे त्यानेच सांगितलं, की आत असताना त्याच्या डोक्यात एकच होतं: बाहेर पडायचं आणि ज्याने आपल्याला या खड्ड्यात घातलं त्याला संपवायचं.

म्हणजे प्रकरणाच्या मध्यावर स्थिती अशी होती. एका बाजूला मुलगी गमावलेलं घर, केरळात, दीडएक हजार किलोमीटरवर. दुसऱ्या बाजूला एक खुनी, ज्याच्या मनात पश्चात्ताप नव्हे तर पुढच्या खुनाचा बेत आहे. या दोघांची भेट थेट झाली असती तर काय झालं असतं? बहुधा काहीच चांगलं झालं नसतं. घरच्यांनी माफी दिली असती, त्याने खांदे उडवले असते, आणि त्या घराची जखम आणखी खोल गेली असती.

मध्ये एक माणूस आला. स्वामी सदानंद हे कॅथलिक पुरोहित, संन्याशाच्या रीतीने राहणारे. ते समुंदर सिंगला तुरुंगात भेटायला जाऊ लागले आणि जात राहिले. या खुनाने त्यांचं घर उद्ध्वस्त झालेलं नव्हतं. त्यामुळे जे काम बहिणीला तेव्हा झेपलं नसतं ते त्यांना करता आलं. चिडलेल्या माणसासमोर बसायचं, त्याचा सूड ऐकून घ्यायचा, पुढच्या वेळी पुन्हा यायचं. ज्या घराची मुलगी तू मारलीस त्या घराला तुझा जीव नको आहे, ही बातमी त्याच्यापर्यंत त्यांनी पोचवली. अशी बातमी एकदा सांगून कुणाला पटेल? खून केलेल्या माणसाला सगळ्यात ओळखीची गोष्ट सूडाची असते, माफीची नसते.

राखी

ऑगस्ट २००२ मध्ये, रक्षाबंधनाच्या सुमारास, सिस्टर सेल्मी इंदूरच्या तुरुंगात गेल्या. खुनाला सात वर्षं उलटून गेली होती. त्या स्वतःही त्याच संघाच्या धर्मभगिनी. त्यांनी समुंदर सिंगच्या मनगटावर राखी बांधली आणि त्याला भाऊ म्हटलं.

ही कृती नीट पाहू या. तोंडाने ‘मी तुला माफ केलं’ म्हणणं हे एका बाजूने पूर्ण होणारं काम आहे. समोरच्याने काहीही केलं नाही तरी ते म्हणता येतं. राखीचं तसं नाही. राखी बांधून घ्यायला समोरच्याला हात पुढे करावा लागतो. तोच हात, ज्यात सुरा होता. बांधून घेतल्यावर तो नुसता माफ झालेला गुन्हेगार राहत नाही. त्याला एक नातं मिळतं आणि नात्याबरोबर जबाबदारीही. आपल्याकडे कुठल्याही आडगावातल्या माणसाला, कुठल्याही धर्माच्या, हे सांगावं लागत नाही. राखीच्या बहिणीच्या घराकडे वाकड्या नजरेने बघत नाहीत आणि तिला मान खाली घालावी लागेल असं वागत नाहीत. सेल्मींनी त्याला धर्मग्रंथातलं वचन ऐकवलं असतं तर ते त्याला परकं वाटलं असतं. त्यांनी त्याच्याच घरातली, त्याला लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट त्याच्या हातावर ठेवली.

बायबलच्या नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात हेच घडलेलं आहे. शौल, म्हणजे पुढचा प्रेषित पौल, ख्रिस्ती लोकांना पकडून न्यायला दिमिष्काकडे (दमास्कसकडे) निघाला होता. वाटेत तो आंधळा झाला, आणि देवाने दिमिष्कातल्या हनन्याला सांगितलं, त्याच्याकडे जा. हनन्याने आधी तक्रार केली. या माणसाने तुझ्या लोकांचं किती वाईट केलं आहे ते मी ऐकलं आहे, असं तो देवालाच म्हणाला. देव त्याच्यावर रागावला नाही. मग हनन्या गेला, त्या छळ करणाऱ्याच्या अंगावर हात ठेवले आणि त्याला ‘भाऊ’ म्हणून हाक मारली. शौलाने तोवर त्याची काही क्षमा मागितलेली नव्हती.

त्याच अध्यायात थोडं पुढे आणखी एक माणूस येतो, आणि तो माझ्या लेखी या प्रकरणाची किल्ली आहे. शौल यरुशलेमला आला तेव्हा तिथले शिष्य त्याला भीत होते. भिणं बरोबरच होतं. स्तेफन या पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याला दगडमार झाला तेव्हा हाच माणूस मारणाऱ्यांचे कपडे सांभाळत उभा होता. बर्णबा नावाच्या शिष्याने त्याला सोबत घेतलं, प्रेषितांकडे नेलं, आणि त्याच्या वतीने बोलला. बर्णबा मध्ये नसता तर यरुशलेमच्या मंडळीने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाने, शौलावर प्रीती करायची ती कशी? इंदूरच्या तुरुंगात स्वामी सदानंदांनी जे केलं ते बर्णबाचं काम होतं.

आईचे ओठ आणि कोर्टाचा निकाल

राणी मारियांच्या आई, एलिस्वा, समुंदर सिंगला भेटल्या तेव्हा त्यांनी त्याचे हात चुंबले. या हातांना माझ्या मुलीचं रक्त लागलेलं आहे, अशी त्यांची भावना होती. मला हे वाक्य कधीच सहज उच्चारता आलेलं नाही. इथे आई काहीही विसरलेली नाही. ‘जाऊ दे, झालं गेलं गंगेला मिळालं’ असं ती म्हणत नाही. ते हात कुठले आहेत आणि त्यांनी काय केलं हे तिला स्वच्छ दिसतं आहे. तरी ती ते हातात घेते. गुन्ह्याचं नाव न घेता केलेली क्षमा ही बहुतेक वेळा विषय टाळण्याची एक रीत असते. इथे गुन्हा समोर ठेवून क्षमा झाली.

आणि गुन्हा कोर्टातही समोर ठेवला गेला. खटला चालला, जन्मठेप झाली, समुंदर सिंगने जवळजवळ अकरा वर्षं तुरुंगात काढली. घरच्यांनी कायद्याच्या आड येऊन त्याला वाचवलं नाही. पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात बाराव्या अध्यायाच्या शेवटी सूड घेऊ नका, शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला द्या, असं सांगितलं आहे. लगेच तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीला वाईट करणाऱ्याला शिक्षा करण्याचं काम तो राज्यसत्तेकडे देतो. अध्यायांचे आकडे नंतर कुणी टाकलेले आहेत. पत्र सलग वाचलं तर दोन्ही गोष्टी एका दमात येतात. मी सूड घेणार नाही, आणि तुला न्यायालयापुढे उभं राहावं लागेल, ही दोन्ही वाक्यं एकच माणूस खरेपणाने म्हणू शकतो. आमच्याकडे पुष्कळ सज्जन ख्रिस्ती माणसांना हे उमगलेलं नसतं. तक्रार नोंदवली तर क्षमा केली नाही असं होईल, या भीतीने ते अपराध्याला मोकळा सोडतात आणि त्याच्या पुढच्या बळीचा विचार त्यांच्या मनात येत नाही.

सुटकेचा प्रश्न आला तेव्हा मात्र घरच्यांनी आणि चर्चने त्याच्या बाजूने शब्द टाकला. तो २००६ मध्ये सुटला. २००७ मध्ये तो पुल्लुवळीला गेला आणि राणी मारियांच्या आईवडिलांना भेटला. पुढे तो राणी मारियांच्या स्मृतिदिनाला उदयनगरला येऊ लागला. शेतात पिकलेलं धान्य त्यांच्या कबरीपाशी आणून ठेवू लागला. ज्याला संपवायचं त्याने ठरवलं होतं त्या माणसाला त्याने संपवलं नाही.

माझ्या मते या सगळ्यातला हा सर्वांत कमी बोलला गेलेला भाग आहे. एक खून झाला नाही. जो घडला नाही त्याची बातमी होत नाही, त्याचा स्मृतिदिन नसतो. वाइटाने जिंकला जाऊ नकोस, तर बऱ्याने वाइटाला जिंक, असं पौल लिहितो. उदयनगरपुरतं बोलायचं तर जिंकणं म्हणजे हे होतं: सूडाची साखळी एका माणसापाशी येऊन तुटली.

४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये कॅथलिक चर्चने राणी मारियांना हुतात्मा म्हणून ‘धन्य’ घोषित केलं. संतपदाच्या आधीची ही पायरी.

जे प्रश्न लोक खरंच विचारतात

शास्त्रपाठात, म्हणजे बायबलच्या अभ्यासगटात, हे प्रकरण घेतलं की पहिला प्रश्न साधारण हाच येतो: मेली ती राणी मारिया, तिच्या वतीने माफ करायचा अधिकार बहिणीला कुणी दिला? प्रश्न बरोबर आहे आणि त्याला झटकून टाकू नये. माझं उत्तर असं आहे. सेल्मींनी राणी मारियांच्या वाट्याची क्षमा दिली नाही. ती देणं कुणाच्याच हातात नव्हतं. त्यांनी स्वतःच्या वाट्याची दिली. समुंदर सिंगने एका बाईचा जीव घेतला आणि दुसऱ्या बाईची बहीण घेतली. दुसऱ्या अपराधाच्या घेणेकरी सेल्मी होत्या, आणि तेवढं ऋण त्यांनी माफ केलं. आईने मुलीचं ऋण माफ केलं. उदयनगरच्या आदिवासींनी आपली सिस्टर गमावली. त्यांनी माफ करायचं की नाही हा त्यांचा हक्क, तो दुसऱ्या कुणी वापरू नये. मंडळीत एखाद्यावर अन्याय होतो आणि वरचे लोक व्यासपीठावरून जाहीर करतात की ‘आम्ही क्षमा केली आहे’, तेव्हा हीच चूक होते. तुमचं काय गेलं होतं?

दुसरा प्रश्न रागाचा. सात वर्षं त्या घराला राग आला नसेल का? आत काय चाललं होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी त्यावर बोलणार नाही. पण पवित्र शास्त्राला रागाचं वावडं नाही, हे ठामपणे सांगतो. १०९ वं स्तोत्र उघडून वाचा. शत्रूची मुलं अनाथ होवोत, त्याची बायको विधवा होवो, इथपर्यंत ते जातं. अशी स्तोत्रं वाचायला आम्हाला अवघड वाटतं म्हणून उपासनेत ती गाळली जातात, आणि मग ज्याच्या आत तेच शब्द उकळत असतात त्याला वाटतं की देवासमोर हे बोलायची सोय नाही. ती सोय आहे. फरक इतकाच की स्तोत्रकर्ता ते देवाला सांगतो आणि हात खाली ठेवतो. येशूने जे छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा असं सांगितलं, तेव्हा ती प्रार्थना पहिल्याच दिवशी गोड शब्दांची असावी असं त्याने म्हटलेलं नाही. शत्रूचं नाव देवापुढे घ्यायला लागणं हीच खूप मोठी सुरुवात आहे. कित्येक दिवस फक्त नाव घेतलं जाईल, पुढचे शब्द येणारच नाहीत.

तिसरा प्रश्न बायका विचारतात, बहुधा सभा संपल्यावर, बाजूला घेऊन. घरात मारहाण होते आहे. वैऱ्यावर प्रीती म्हणजे परत त्याच घरात जायचं का? इथे मला या प्रकरणातल्या भिंती दाखवाव्याशा वाटतात. राखी बांधली गेली तेव्हा समुंदर सिंग तुरुंगात होता. पहारा होता. मध्ये सात वर्षं गेली होती. एक तिसरा माणूस आधी जाऊन त्याच्याशी बोलत आला होता. सेल्मींना कुणी ढकललं नव्हतं. यातलं एकही नसताना एखाद्या बाईला ‘सिस्टर सेल्मींनी बघ काय केलं’ म्हणून परत पाठवणं हा त्या गोष्टीचा गैरवापर आहे, आणि तो करणारा पाळक असला तर अधिकच. प्रीती वैऱ्याचं भलं चाहते. मारणाऱ्या नवऱ्याचं भलं त्याचा हात थांबण्यात आहे. त्याला मारायला माणूस मिळत राहावं यात कसलं भलं आलं?

चौथा प्रश्न मला स्वतःला छळतो. समुंदर सिंगवर प्रीती झाली, तो बदलला, त्याच्यावर माहितीपट निघाला, लोक त्याला ओळखतात. पण ज्यांनी भरीस घातलं त्यांचं काय? हाताने खून करणारा माणूस समोर असतो, त्याला चेहरा असतो, तो रडतो. पैसा आणि वजन वापरून खून घडवणाऱ्याला चेहरा नसतो. त्याला पश्चात्ताप करायची संधीही कुणी देत नाही, कारण तो अपराधी म्हणून पुढे येतच नाही. त्याच्यावर प्रीती करायची कशी? मला एवढंच दिसतं, की राणी मारियांचं काम पुढे चालू ठेवणं हे त्याला दिलेलं उत्तर आहे. ज्या पकडीसाठी खून झाला ती पकड ढिली करत राहणं, आणि ते करताना त्याच्या नाशाची इच्छा मनात धरू नये. याहून जास्त मला सुचलेलं नाही.

आज्ञा कशावर उभी आहे

वैऱ्यावरची प्रीती उपयोगी पडते म्हणून करावी, असं येशू सांगत नाही. या प्रकरणात खुनी बदलला. पुष्कळ ठिकाणी बदलत नाही. येशूने कारण दिलं ते बापाच्या स्वभावाचं: तो वाइटांवर आणि चांगल्यांवर आपला सूर्य उगवतो, आणि नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो. जे तुमच्यावर प्रीती करतात त्यांच्यावरच केली तर काय विशेष, लोक ज्यांचा तिरस्कार करत ते जकातदारही तेच करतात. हे ज्यांना सांगितलं ते लोक रोमच्या टाचेखाली जगत होते. वैरी म्हणजे कोण हे त्यांना शोधायला जावं लागत नव्हतं.

आणि पौल त्याहून आत जातो. आपण शत्रू असतानाच देवाने आपल्याशी समेट केला, असं तो रोमकरांना लिहितो. म्हणून ख्रिस्ती माणूस वैऱ्यापुढे वरच्या पायरीवरून उभा राहू शकत नाही. तो स्वतः कधीकाळी खालच्या पायरीवर होता आणि कुणीतरी उतरून आलं. हे मनापासून पटलं नाही तर वैऱ्यावरची प्रीती म्हणजे मोठेपणा मिरवण्याचा आणखी एक मार्ग होतो, आणि वैऱ्याला ते लगेच कळतं.

जुन्या करारातला एक साधा नियम या सगळ्याला जमिनीवर आणतो. निर्गमच्या २३ व्या अध्यायात म्हटलं आहे, शत्रूचा बैल किंवा गाढव भरकटलेलं दिसलं तर त्याच्याकडे परत नेऊन पोचवायचं; त्याचं गाढव ओझ्याखाली बसलं असेल तर त्याला हात द्यायचा. मनात काय वाटतं याची चौकशी तिथे केलेलीच नाही. गाढव आधी उठवायचं.

मंडळीपुढे हे प्रकरण ठेवताना

ज्यांना हे प्रकरण आपल्या गटात घ्यायचं आहे त्यांना माझी विनंती आहे. राखीपासून सुरुवात करू नका. सावकारीपासून करा, म्हणजे वैर कशामुळे आलं ते लोकांना कळेल. १९९५ आणि २००२ ही दोन्ही सालं फळ्यावर लिहा आणि मधली जागा रिकामी ठेवा. जन्मठेपेचा उल्लेख गाळू नका. स्वामी सदानंदांचं नाव तर अजिबात गाळू नका. प्रवचनांतून तेच सगळ्यांत आधी गळतं, कारण बहीण आणि खुनी एवढ्या दोघांवर गोष्ट जास्त उठून दिसते.

मग गटाला विचारा: आपल्यात अशी जखम झालेलं कोण आहे, हे नाव न घेता आपल्या मनात आणा. त्या माणसाला आज काहीही करायला सांगू नका. त्याऐवजी हे ठरवा, की ज्याने ती जखम केली त्याच्याकडे कोण जाऊन बसेल. जाणारा जखमी माणसाचा निरोप्या नव्हे आणि त्याच्या परवानगीशिवाय त्याच्या वतीने एक शब्दही बोलणार नाही. त्याने फक्त जायचं, ऐकायचं, अपराधाला अपराध म्हणायचं, आणि पुढच्या महिन्यात परत जायचं. त्याला सोबत म्हणून दुसरं एक माणूस द्या. आमच्या पाहण्यात जिथे हे झालं तिथे महिनोन्महिने काही हललं नाही, आणि काही ठिकाणी कधीच हललं नाही. तरी जाणं थांबवू नका, आणि जखमी माणसाने विचारल्याशिवाय त्याला त्याचा अहवालही देऊ नका.